नाव आईचं, सही भावाची आणि काम माझं: अंबडच्या कारखान्याचं काय करू?

अंबडची बोल्टवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचा नाशिकच्या अंबडला, एक्सलो पॉइंटपासून आत, बोल्टचा छोटा कारखाना आहे. बोल्टचं डोकं घडवणारी दोन हेडिंग मशीन, आटे पाडणारी तीन थ्रेड रोलिंग, एक म्हातारं ट्रिमिंग मशीन आणि अकरा माणसं. बाबांनी १९९४ साली भाड्याच्या गाळ्यात सुरू केला, पुढे एमआयडीसीचा प्लॉट घेतला. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चार वर्षं दुसऱ्यांच्या क्वालिटीत काढली आणि गेली नऊ वर्षं आमच्याच शेडमध्ये आहे. वय ३५. सासर इंदिरानगरला, मुलगी तिसरीत. धाकटा भाऊ पुण्यात आयटीत. कारखाना बाबांच्या नावावर आणि कुलमुखत्यारपत्र भावाकडे. तो महिन्यातून एकदा येतो, बाबांच्या केबिनमध्ये बसून मोठ्या चेकांवर सह्या करतो, तारेवाल्याशी (बोल्ट ज्या पोलादी तारेपासून बनतात तिच्या व्यापाऱ्याशी) फोनवर भाव करतो आणि संध्याकाळी परत जातो. बाकीचे एकोणतीस दिवस मी. बँकेत माझी सही नाही. व्हिजिटिंग कार्डावर ‘क्वालिटी इन्चार्ज’ छापलंय, तेही मीच छापून घेतलं.

जूनमध्ये बाबांची बायपास झाली. डॉक्टरांनी शेडचा आवाज आणि डोक्याची कटकट दोन्ही बंद सांगितलं. घरात बैठक बसली. आमच्या सीएंनी तोडगा काढला: भागीदारी फर्म करा, आई आणि वहिनी मिळून ५१ टक्के, भाऊ ४९. म्हणजे कागदावर महिलांचा उद्योग झाला. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या जी २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करतात, त्यात ३ टक्के महिलांसाठी आहे; कर्जालाही सवलत मिळते. सगळ्यांनी माना हलवल्या. आईने तेवढं विचारलं, “हिचं काय?” तर सीए म्हणाले, “ताई तर आहेतच की.”

आईला हेडिंग आणि थ्रेडिंग यातला फरक माहीत नाही, आणि ती तसं सांगतेही. वहिनी गोड आहे, शाळेत शिकवते. अंबडला दोनदा आली आहे, त्यातली एक खेप दसऱ्याच्या पूजेची.

आता दुसरी गोष्ट. आमचा एक तृतीयांश माल पुण्याच्या एका निर्यातदारामार्फत जर्मनीला जातो. युरोपने बाहेरून येणाऱ्या पोलादावर कार्बनचा भार बसवलाय. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यावी लागायची, १ जानेवारी २०२६ पासूनच्या मालावर पैसे लागू झालेत. यादीत नट-बोल्टही आहेत. निर्यातदाराने भली मोठी एक्सेल पाठवली: एक टन बोल्टमागे किती कार्बन, मांडा. भाऊ म्हणाला, “काहीतरी भरून टाक, सगळे तेच करतात.” काहीतरी भरायचं असतं तर मी क्वालिटीत कशाला राहिले असते?

तीन रात्री मुलगी झोपल्यावर बसले. आमचं लाईट बिल महिन्याला साधारण ११,००० युनिटचं, माल ३८ टन. आपल्याकडे विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे टनाला २०० किलोच्या आसपास झाला. आणि तार? भारतातल्या पोलादाची सरासरी टनाला अडीच टनांची. म्हणजे आमच्या शेडचा भाग ताटातल्या चटणीएवढा, जेवण सगळं तारेचं. मी कॉम्प्रेसरची गळती बंद केली, एलईडी लावले, सगळं ठीक. पण बोल्टचा कार्बन ठरतो तो तार कोणत्या गिरणीची घेतली यावर. आणि तार घेतो भाऊ, फोनवर, व्यापाऱ्याकडून, किलोमागे पन्नास पैसे कमी करून. गिरणीचं सर्टिफिकेट मागितलं तर व्यापारी म्हणतो, “मॅडम, साहेबांना विचारा.”

गेल्या महिन्यात इथल्याच एका हॉटेलात एका कार्यक्रमाला बोलावलं होतं. स्टेजवर फलक: महिलांचं व्यावसायिक नेतृत्व आणि राष्ट्राची शाश्वत स्पर्धाक्षमता. पाहुणे छान बोलले. देशाच्या क्रमवारीपासून गार्गी-मैत्रेयीपर्यंत सगळं आलं. शेवटी प्रत्येकीला तुळशीचं रोप मिळालं. ते मांडीवर धरून मी विचार करत होते, की ज्या देशाची स्पर्धाक्षमता मी वाढवायची आहे त्या देशात मला तारेचा भाव करायची परवानगी कोण देणार?

तर विचारायचं हे: सीएंचं ऐकून गप्प बसावं, वेगळं काही काढावं, की घरात भांडावं? आणि त्या फलकावरच्या वाक्याचा आमच्या शेडशी खरंच काही संबंध असतो का, की ते तुळशीच्या रोपापुरतंच?

मिसळप्रेमी

ताई, देशाचं नंतर बघू, आधी बँकेची सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, कोणाच्या सहीने चालते ते बघा. बाकी लेख झकास. चटणीचं उदाहरण नाशिककरालाच सुचणार.

हिशेबी

माफ करा, थोडं विरोधी लिहितो. स्वित्झर्लंडच्या आयएमडी या संस्थेच्या स्पर्धाक्षमतेच्या यादीत २०२४ साली भारत ६७ देशांत ३९ वा होता. त्याच वर्षी जागतिक आर्थिक मंचाच्या स्त्री-पुरुष तफावतीच्या यादीत १४६ देशांत १२९ वा. दुसरीत तळाला असूनही पहिलीत मधोमध आहोतच. मग संबंध कुठे आहे? श्रीमंत देशांत बायका मोठ्या पदांवर दिसतात, पण श्रीमंती आधी की पदं आधी, हे कोणी सिद्ध केलंय? तुमच्यावर अन्याय होतोय हे खरं. पण तो घरगुती अन्याय आहे. त्याला राष्ट्रीय अर्थशास्त्राचा फेटा कशाला बांधायचा?

सातपूरची काकू

हिशेबी, तुम्ही याद्या वाचा, मी या पोरीशी बोलते.

बाळा, माझी प्रेसशॉप आहे सातपूरला. पपया नर्सरीवरून आत आलीस की पत्रे कापल्याचा आवाज येतो ती. २००३ साली यजमान अचानक गेले. मी तेव्हा बी.कॉम. झालेली, घरी शिवणकाम करणारी बाई. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे दीर म्हणाले, मशिनी विकू, प्लॉट भाड्याने देऊ, तुला महिन्याला पैसे येतील. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं की माझ्या भल्याचं सांगतोय. तेव्हा सगळे मला पुण्याच्या थरमॅक्सच्या अनु आगांचं उदाहरण द्यायचे. १९९६ मध्ये त्यांचे पती गेले आणि त्यांनी कंपनी हाती घेतली. मोठी बाई, आदर आहेच. पण त्यांच्या मागे कंपनी होती, संचालक होते. माझ्यामागे पन्नास टनांची एक प्रेस, तीस टनांच्या दोन, आणि एक सेटर, म्हणजे प्रेसवर डाय (साचा) बसवणारा, जो माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायचा.

मी काय केलं ते सांगते. सहा महिने रोज सकाळी सातला जाऊन त्या सेटरशेजारी उभी राहिले. डाय कशी बसवतात, स्ट्रोक कसा लावतात, तुकड्याच्या कडेला बर, म्हणजे फाटका काठ, का येतो, डायची धार केव्हा गेली म्हणायची. वहीत लिहायचे. सातव्या महिन्यात त्याने नेहमीप्रमाणे बुधवारी दांडी मारली, आणि मी पदर खोचून डाय बसवली. पहिले चाळीस तुकडे भंगारात गेले. एक्केचाळिसावा बरोबर आला. गुरुवारी तो आला, मोजमाप बघितलं, आणि त्या दिवसापासून भिंतीकडे बघायचं थांबला. तुला हे सांगायची गरज नाही, तुला काम येतंय. मला फक्त एवढंच सांगायचंय की मालकी मला काम शिकून मिळाली नाही. काम शिकले तरी बँकेने लिमिट वाढवताना दिरांची सही मागितली. धंदा माझा, घर माझ्या नावावर, जीएसटीच्या आधीचा विक्रीकर मी भरायची, आणि मॅनेजर म्हणाला, “घरातला एखादा जेन्ट्स असेल तर बरं पडतं.” बँकेचं नाव लिहीत नाही. दोन वर्षांनी दुसरीकडे खातं हलवलं.

मालकी मिळाली ती वेगळ्याच दिवशी. प्रेसवर बोटं जातात, तुला माहीतच आहे. आमच्या शेजारच्या शेडमध्ये एका वर्षात दोघांची गेली. मी ठरवलं, सगळ्या प्रेसना दोन हातांची बटणं बसवायची, म्हणजे दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय स्ट्रोक पडणार नाही. सेटर म्हणाला, प्रॉडक्शन घटेल. दीर म्हणाले, वेडी झालीस का, खर्च किती. दोघांचंही खरं होतं. पहिले दोन महिने तुकडे कमी निघाले. पण निर्णय माझा होता, कारण तोटा माझा होता. त्यानंतर मी प्रेसवर बायका घेतल्या. आधी घेतल्या असत्या तर त्यांच्या घरच्यांनी पाठवल्याच नसत्या. आज चौदा जणींपैकी नऊ जणी दहा वर्षांच्या वर टिकून आहेत. बाकीच्या शेडमधली पोरं दर दिवाळीला बोनस घेऊन गायब होतात आणि मालक नव्यांना पुन्हा एकपासून शिकवत बसतो. माझ्याकडे ग्राहक भावासाठी येत नाही, माझा भाव शेजाऱ्यापेक्षा जास्तच आहे. तो येतो कारण माझा डबा उघडून मोजत बसावं लागत नाही.

एकच अडचण राहिली, ती म्हणजे दुसरी पाळी. नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या कारखाना कायद्यात ते ६६ वं कलम होतं, रात्री सात ते सकाळी सहा बायकांना काम नाही. आपल्या राज्याने पुढे अटींवर सूट दिली, पण अटीत घरापर्यंत गाडी आली. सिडको, मखमलाबाद, म्हसरूळ अशा तीन दिशांना गाड्या मी कुठून सोडू? मोठ्या कंपन्यांना जमतं ते. म्हणून माझ्या मशिनी संध्याकाळी गप्प असतात. हिशेबी, तुमच्या यादीत हा रकाना आहे का बघा: चांगल्या चालणाऱ्या प्रेस, शिकलेल्या बायका, आणि दोघींच्या मध्ये एक गाडी नाही.

निवृत्त शाखाधिकारी

काकूंच्या त्या मॅनेजरबद्दल वाचून मान खाली गेली. आमच्या पिढीत तसं होतं, मीही तसं बोललो असेन.

ताई, तुमच्या सीएंच्या तोडग्यात एक मोठा खड्डा आहे आणि तो कोणी तुमच्या आईंना दाखवलेला दिसत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मच्या प्रत्येक देण्याला प्रत्येक भागीदार स्वतंत्रपणेही जबाबदार असतो, आणि ती जबाबदारी हिश्श्यापुरती मर्यादित नसते. ५१ टक्के कागदावर घेऊन ज्या बाईने कधी स्टॉक स्टेटमेंट पाहिलं नाही, तिच्या ठेवी, तिचं सोनं, तिचं घर, सगळं बँकेच्या आवाक्यात येतं. मी माझ्या नोकरीत अशा तीन आया पाहिल्या. नोटीस हातात घेऊन काउंटरवर येतात आणि विचारतात, “साहेब, मी कुठे सही केली होती?” सही दाखवली की ओळखतात. कधी केली ते आठवत नाही.

दुसरं. सवलतीसाठी नाव लावून चालवणारा तिसराच असेल, तर आज ना उद्या कोणीतरी विचारतंच. मी स्वतः शाखेत अशा मालकिणींना एकच प्रश्न विचारायचो: तुमचा सगळ्यात मोठा ग्राहक कोण आणि त्याच्याकडे किती दिवसांचं येणं थकलंय? खऱ्या मालकिणीला मिनिट लागत नाही, उत्तराबरोबर शिवीही येते. नावापुरती असेल तर ती मागे उभ्या माणसाकडे बघते.

कोणीतरी तुम्हाला २००५ च्या वारसा कायद्याचं सांगेल, म्हणून आधीच लिहितो. तो बदल वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतल्या मुलीच्या जन्मसिद्ध हक्काचा. महाराष्ट्राने काही अटींसह तो १९९४ मध्येच केला होता. तुमच्या बाबांचा कारखाना स्वकष्टार्जित आहे. ते हयात असेपर्यंत कोणाला काय द्यायचं हा त्यांचा अधिकार. मृत्युपत्र न करता गेले तर पत्नी, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा. पण तोवर तारेवाला बदललेला असेल. तेव्हा कोर्टाकडे बघू नका, बाबांकडे बघा.

मर्यादित जबाबदारीची भागीदारी, म्हणजे एलएलपी, हा पर्याय सीएंना विचारा. त्यात आईंचा हिस्सा ठेवता येतो आणि त्यांचं घर बाहेर राहतं. मात्र कर्जाला वैयक्तिक हमी दिली तर पुन्हा तेच, म्हणून हमीच्या कागदावर आईंना बसवू नका. प्लॉट एमआयडीसीच्या लीजवर असेल; नावात बदल करायचा तर त्यांची परवानगी आणि शुल्क लागतं, ते आधी धरा. तारणावर घोडं अडलं तर छोट्या उद्योगांच्या कर्जाला सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टची हमी असते, महिलांच्या उद्योगाला तिचं प्रमाण जास्त आहे. वेगळं काढायचं म्हणालात तर पीएमईजीपीसारख्या सरकारी अनुदानाच्या योजना मुख्यतः नव्या उद्योगासाठी असतात. बाबांचा चालू कारखाना पाटी बदलून नवा होत नाही, तो प्रयत्न करू नका.

पिंपळगावचा बागायतदार

मी इंजिनिअरिंगमधला नाही, द्राक्षातला. पण कार्बनच्या एक्सेलचं वाचलं आणि २०१० आठवलं, म्हणून लिहितो.

त्या साली युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी सापडलं. वेलीची वाढ आवरायला, काडीत घड चांगला धरावा म्हणून आम्ही सगळेच ते फवारायचो. तिकडे त्याचा अंश मर्यादेच्या वर निघाला. माल बंदरात अडकला, भाव पडला, आणि निम्म्या तालुक्याचं गणित बिघडलं. गंमत म्हणजे माल इथून तपासून गेला होता. ग्रेपनेट या निर्यातीच्या सरकारी नोंदणीत प्लॉटची नोंद होती, लॅबचा दाखला होता. पण आपल्याकडे तपासायच्या औषधांच्या यादीत सीसीसीच नव्हतं! कोणी लबाडी केली नाही, कोणी विचारलंच नाही, एवढंच.

पुढच्या हंगामात आमच्याकडे निर्यातदाराचा माणूस आला आणि फवारणीची वही मागितली. मी फुशारकीने म्हणालो, सगळं तोंडपाठ आहे. त्याने विचारलं, ऑक्टोबर छाटणीनंतर एकविसाव्या दिवशी काय मारलं? मला सांगता येईना. बायको आत गेली आणि कॅलेंडर घेऊन आली. दूधवाल्याच्या खाड्यांबरोबर प्रत्येक फवारणी, किती लिटर, कोणी मारली, पाऊस होता की नाही, सगळं. २००४ पासूनची कॅलेंडरं ट्रंकेत. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मजुरांचे पैसे बरोबर द्यायचे म्हणून ती लिहायची. तिच्या त्या कॅलेंडरांवर आमचा माल गेला.

सातबारा मात्र माझ्याच नावावर होता. आमच्याच जिल्ह्यात चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं होतं, माझी आई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. वडिलांनी टाळ्या वाजवल्या, जमीन केली नाही. मी केली तीही २०१३ साली, आणि दीड एकरच. लिहायला लाज वाटते पण खरं आहे. त्या दीड एकरात काय लावायचं हे ती ठरवते. तिने पहिल्या वर्षी थॉम्पसन काढून दुसरा वाण लावला तेव्हा मी पंधरा दिवस धड बोललो नव्हतो. निकाल काय लागला ते सांगत नाही, ती हे वाचते.

हिशेबी, देश एकविसाव्या दिवशी काय मारलं हे सांगू शकला की युरोपात माल विकतो. आणि ते लिहून ठेवणारं माणूस बऱ्याचदा सातबाऱ्यावर नसतं.

हिशेबी

कॅलेंडरांचा मुद्दा मान्य. पण मग तुम्ही म्हणताय ते नोंदी ठेवणाऱ्याला अधिकार द्या असं आहे. तो पुरुषही असू शकतो. बाईपणाचा काय संबंध?

अंबडची बोल्टवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. चाळिसाव्या तुकड्याला ती हसली आणि मग डोळे पुसले.

हिशेबी, प्रश्न चांगला आहे म्हणून उत्तर देते. बाईपणाचा संबंध नसावा अशीच माझी इच्छा आहे. आमच्याकडे भावाच्या जागी मी आणि माझ्या जागी भाऊ असता, नऊ वर्षं शेडमध्ये तो असता, तर सीए म्हणाले असते का, “दादा तर आहेतच की”? त्याला पहिल्याच वर्षी सही मिळाली असती. घरच्या बैठकीत बसलेल्या कोणालाही हे अर्थशास्त्र वाटलं नसतं, ते आपसूकच झालं असतं. सहाव्या आर्थिक गणनेत, २०१३-१४ ची ती, देशातल्या आस्थापनांपैकी बायकांच्या मालकीच्या सुमारे १४ टक्के निघाल्या. त्यातल्या किती जणींना आमच्या आईसारखं बसवलंय आणि माझ्यासारख्या किती जणी त्या १४ मध्ये नाहीतच, हे गणनेत कसं येणार? म्हणजे आकडा दोन्ही बाजूंनी खोटा.

मोठ्या कंपन्यांतही हेच झालं होतं की. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना संचालक मंडळावर एक तरी बाई बंधनकारक केली. तर कित्येक ठिकाणी मालकाची बायको, बहीण, मुलगी येऊन बसली. शेवटी सेबीला म्हणावं लागलं, स्वतंत्र महिला संचालक हवी. आधी पहिल्या ५०० कंपन्यांना, मग एप्रिल २०२० पासून पहिल्या १००० ना. आमच्या सीएंनी तीच युक्ती अकरा माणसांच्या शेडला लावली, एवढंच.

आणि स्पर्धेचं म्हणाल, तर स्वस्त तार ही आमची आतापर्यंतची हुशारी होती. जर्मनीच्या गिऱ्हाइकाला आकडे दिले नाहीत तर तिकडे ठरावीक आकडे धरतात, ते आपल्या बाजूचे नसतात. मग भावाने वाचवलेले पन्नास पैसे कुठे जातात ते सांगायला नको. मी भंगारापासून बनवलेल्या कमी कार्बनच्या तारेची चौकशी केली. पण तीही सरसकट चालत नाही. भंगारातून तांबं-बिंबं राहिलं तर हेडिंगला बोल्टचं डोकं फाटतं, मी ते हातात घेऊन पाहिलंय. कोणत्या साइझला चालेल, कोणत्याला नाही, हे मशीनसमोर उभ्या माणसालाच कळतं. केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली, टनाला २.२ टनांच्या खाली कार्बन असेल तर त्याला स्टार रेटिंग मिळतं. तर मला गिरणीकडून तो कागद हवाय. म्हणजे खरेदी हवी. मला ५१ टक्के नको होते, खरं सांगते. मला तारेचा फोन हवा होता.

आता काय झालं ते.

रविवारी बाबांना गंगापूर रोडला फिरायला नेलं, आणि बाकावर बसून मोबाईलवर सगळी एक्सेल दाखवली. त्यांनी चष्मा लावून चटणी आणि जेवणाचा हिशेब दोनदा बघितला. मग विचारलं, “हीट ट्रीटमेंटवाल्याने गॅसचे आकडे दिले?” मी म्हटलं, तो हसला, म्हणाला मॅडम मी पास्ट्री बनवतो का, वजन-माप ठेवायला. बाबा म्हणाले, “त्याच्या बापाला मी ओळखतो. उद्या मी फोन करतो.” मी म्हटलं, “बाबा, फोन मी करीन. तुम्ही फक्त त्याला सांगा की यापुढे मीच करणार.” बराच वेळ ते समोरच्या भेळवाल्याकडे बघत बसले.

संध्याकाळी आईने विषय काढला. शाखाधिकारी काकांचं वाक्य तिने जसंच्या तसं म्हटलं: “मी कुठे सही केली होती असं विचारायला मला बँकेत जायचं नाहीये.” त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. भावाला स्पीकरवर घेतलं. मी मांडलं: एलएलपी, बाबा ५०, मी ५०. तारणाची आणि हमीची सही माझी, खरेदी माझी. त्याला नफ्यातला वाटा हवा असेल तर बाबांनी त्यांच्यातून द्यावा.

तो म्हणाला, “मला निदान विचारायचं तरी.”

बाबा म्हणाले, “मागच्या दिवाळीत रात्री दोनला हेडरची मोटर जळली तेव्हा तुला विचारलं होतं. तू म्हणालास, ताईला विचारा.”

अजून सही झालेली नाही. सीए म्हणतात ५० ऐवजी ५१ करा, नाहीतर महिला उद्योगाचा फायदा जाईल. म्हणजे आता तेच माझ्या बाजूने एक टक्का वाढवून मागतायत! भाऊ दोन दिवस बोलला नाही, काल मुलीच्या निमित्ताने फोन केला. आणि आज सकाळी तारेच्या व्यापाऱ्याचा फोन आला, पहिल्यांदा माझ्या नंबरवर. “मॅडम, गिरणीचं सर्टिफिकेट कोणत्या लॉटचं हवंय?” आवाजात नाराजी होती, पण लॉट नंबर लिहून घेतला.

काकू, एक विनंती. ती दोन हातांची बटणं मला बघायची आहेत, आमच्या ट्रिमिंगला बसतील का. शनिवारी आले तर चालेल?

सातपूरची काकू

ये की. सकाळी साडेअकराच्या आत ये, नंतर ट्रान्सपोर्टचा टेम्पो गेटात उभा राहतो आणि आत यायला जागा नसते. सेफ्टी शूज घालून ये. मागे एक मॅडम पाहणीला उंच टाचा घालून आल्या होत्या, जाळीत अडकल्या. आणि तो ५१ वा टक्का घे. शहाणपणा करू नकोस.

पिंपळगावचा बागायतदार

बायको विचारतेय, तारेच्या नोंदी कशात ठेवता? तिच्याकडे कोरी कॅलेंडरं शिल्लक आहेत म्हणे.